कान असलेला कॅमेरा

दमयंती घरतला कॅमेरा घ्यायचा होता आणि पनवेलजवळच्या अख्ख्या रोडपालीला तिला सल्ला द्यायचा होता. कुणी घर घेतलं तर लोक येतात, जेवतात आणि जातात. गाडी घेतली तर पेढा खातात. पण त्रेचाळीस वर्षांची, घरी बसून ब्लाउज शिवणारी बाई शॉर्टफिल्म करायला कॅमेरा घेणार म्हटल्यावर लोकांच्या पोटात दुखायला लागतं आणि त्या दुखण्यावर सल्ला देण्याशिवाय दुसरा उतारा नसतो. समोरच्या बिल्डिंगमधला एक जण म्हणाला, फोर-के शिवाय घेऊ नका. दुसरा म्हणाला, मागचं सगळं धूसर करणारी लेन्स हवी, नाहीतर सिनेमा वाटतच नाही. तिचा नवरा हरेश, ज्याचे दोन डंपर उलव्याच्या बांधकामांवर चालतात आणि ज्याला डंपर सोडून जगातल्या कशातलंही कळत नाही, तो म्हणाला, "घ्यायचाच तर ड्रोन घे. वरून लग्नाचा मांडव कसा झकास दिसतो!"

दमयंती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मशीन चालवत राहायची. आपल्याला काय हवंय हे तिला नेमकं ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि आता हसू खपवून घ्यायची तिची तयारी नव्हती. खूप झालं होतं.

तिचं माहेर कोन गावचं. लग्न होऊन रोडपालीत आली तेव्हा तिला शिवणाशिवाय काही येत नव्हतं, असं सासरचे सांगतात. खरं म्हणजे तिला माणसांचं बोलणं ऐकायची विद्या येत होती, पण त्या विद्येला कुणी विद्या म्हणत नाही, भोचकपणा म्हणतात. ब्लाउजचं माप द्यायला बायका यायच्या, अर्धा तास बसायच्या, आणि बोलायच्या. त्यातूनच तिला फिल्म सुचायच्या. मोबाइलवर तिनं चार केल्या. कलाकार शेजारपाजारचे, भाषा घरचीच, आगरी. तिसरी फिल्म चंद्रावतीकाकूंची होती. काकूंचं बालपण मिठागरात गेलं होतं. खाडीच्या बांधावर उभं राहून त्यांनी ते सहा मिनिटं न अडखळता सांगितलं.

ती फिल्म पनवेलच्या एका स्पर्धेत निवडली गेली. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये दिवे मालवले, पडद्यावर काकू आल्या, तोंड उघडलं, आणि ऐकू काय आलं? वारा. सहा मिनिटं नुसती फडफड. मोबाइलला खाडीचा वारा आणि काकूंचा आवाज यातला फरक कळलाच नव्हता; छोट्या पडद्यावर बघताना शब्द कसेबसे कळत होते, हॉलच्या मोठ्या स्पीकरवर ते वाऱ्यानं गिळले. काकू दुसऱ्या रांगेत नवं पातळ नेसून बसल्या होत्या. फिल्म संपल्यावर परीक्षक माइक घेऊन म्हणाले, "प्रयत्न स्तुत्य आहे. फक्त पात्रांची भाषा जरा सुधारून घ्या, प्रेक्षकांना कळायला हवी."

दमयंती जागेवर उभी राहिली. "भाषा बिघडलीच कुटं हाय, तर सुदरवू? तुमाला ऐकू आली नाय, ती चूक माज्या मोबाइलची. काकूंची नाय."

परीक्षकांनी पुढच्या फिल्मचं नाव पुकारलं. तरी त्या दिवशी बाहेर पडताना दमयंतीला अपमानापेक्षा शरम जास्त वाटत होती, कारण परीक्षक चुकले असले तरी काकूंचा आवाज तिच्याच हातून हरवला होता.

आणि असा हरवलेला तो पहिला आवाज नव्हता. तिची सासू गुणाबाई ही त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी नसला तरी चालायचं, पण धवलारीण नसली तर लग्न लागायचं नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेक विधी ती धवले गाऊन पार पाडायची. मंत्र तिचे, मान तिचा, आणि तिच्यासमोर कुणाचा आवाज चढायचा नाही. गुणाबाईंनी अशी चाळीस वर्षं लग्नं लावली. मग डीजे आला. डीजेच्या मागोमाग ड्रोन आला. गुणाबाईंना बोलावणं यायचं ते आता नुसतं जेवायला.

पाच वर्षांपूर्वी हरेशच्या पुतण्याच्या, परेशच्या लग्नात त्या शेवटच्या गायल्या. शूटिंग पनवेलच्या स्टुडिओवाल्या शार्दूलनं केलं होतं. महिन्याभरानं पेनड्राइव्ह आला, सगळं घर टीव्हीसमोर बसलं. हळदीचा प्रसंग आला. गुणाबाई दिसल्या, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, मानेची शीर ताणलेली. आणि आवाज? वरून चिकटवलेलं एक सिनेमातलं गाणं, ढोलताशासकट. पोरं खो खो हसली. कुणीतरी म्हणालं, आजी काय भारी गाते! गुणाबाई हसल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि दारापाशी जाऊन एवढंच म्हणाल्या, "मना मुकी केली यांनी."

दमयंती दुसऱ्या दिवशी शार्दूलच्या स्टुडिओत गेली. मूळ आवाज द्या, म्हणाली. शार्दूल माणूस वाईट नाही, धंद्याला वाघ आहे. पण त्याला प्रश्नच कळेना. "काकू, लग्नाच्या शूटिंगचा आवाज कुणी ठेवतं का? आम्ही तो आधीच बंद करतो. नुसता गोंधळ असतो त्यात. वर गाणी टाकायची असतात." कार्ड केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं होतं. हजारो लग्नं, हजारो धवले, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तीच दहा-बारा गाणी. एवढा मोठा दरोडा पडला आणि कुणी तक्रारसुद्धा केली नाही!

यंदा दमयंतीच्या मुलीचं, रंजिताचं लग्न ठरलं. हरेशनं डीजे ठरवला, शार्दूलचं ड्रोनसकटचं पॅकेज ठरवलं. धवलारीण ठरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ती घरातच बसली होती. दमयंती सासूजवळ जाऊन बसली. "आये, रंजिताच्या हलदीला तुमी गायचं. मी फिल्म करतंय. तुमच्या आवाजाची."

"कॅमेरा माज्या म्होरं आनायचा नाय."

"शार्दूलचा नाय आनत. माजा आनतंय."

या सासू-सुनेत गोड बोलण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे खोटं बोलण्याचीही गरज पडत नव्हती. "मंग आयक," गुणाबाई म्हणाल्या. "धवला सुरू झाला म्हंजे संपंस्तवर थांबायचा नाय. मदी तोरला तर नवरीला लागतं. पयल्या शब्दापासून सरंपर्यंत घेशील तर गाईन. कापलास, वर कुनाचं गानं डकवलंस, तर तुज्या मशीनला हात लावू देनार नाय, कंच्याच." कंच्याच म्हणजे कोणत्याच, त्यात शिवणाचंही आलं, हे दमयंतीला कळलं.

म्हणून तिला हवा होता तो कॅमेरा असा: ज्याला बाहेरचा माइक जोडता येईल, ज्याला हेडफोन लागेल, आणि जो मध्येच थांबणार नाही. बाकी चित्र कसं का दिसेना. हाताशी पैसे होते चाळीस हजार, हळदीच्या एकसारख्या साड्यांवरचे ब्लाउज शिवून साठवलेले, आणि ते कुणाला विचारून खर्च करायचे नव्हते.

स्वस्तात जुने कॅमेरे पनवेलला पुन्हा त्या शार्दूलकडेच मिळायचे. ती गेली. त्यानं काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर एक काळाभोर कॅमेरा ठेवला. "काकू, हा बघा. सहाच महिने वापरलाय. फोटोसारखं चित्र. मागचं सगळं लोण्यासारखं धूसर."

"हेडफोनची पिन कुटं लागते?"

"हेडफोन?" शार्दूलनं कॅमेरा चारी बाजूंनी फिरवला. "हेडफोन नाही लागत याला. माइक लागतो."

"मंग माइकमदून काय जातंय ते मना कसं कलनार?"

"घरी जाऊन ऐकायचं ना."

"मागाहून मी एकदा ऐकलंय," दमयंती म्हणाली. "दोनशे मानसांसंगती."

त्यानं दुसरा काढला. त्याला दोन्ही पिना लागत होत्या. दमयंतीनं पिशवीतून स्वतःचा वायरचा कॉलर-माइक काढला, शार्दूलच्या शर्टाला लावला, हेडफोन कानाला चढवला आणि त्याला म्हणाली, पंख्याखाली उभा राहून बोल. गिऱ्हाइकं बघत होती. शार्दूल लाजून लाजून "हॅलो, हॅलो" म्हणाला. "हॅलो नको. तुज्या आयशीशी बोलतोस तसा बोल." तो बोलला. आवाज स्वच्छ आला, पंखा मागे राहिला. दमयंतीच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "आता न थांबता किती येल चालतो?"

"अर्धा तास. मग आपोआप बंद होतो, पुन्हा बटण दाबायचं. हे सगळे फोटोचे कॅमेरे, काकू. गरमही होतात." मग तो हसला. "पण अर्धा तास एका दमात कोण शूट करतं?"

"माजी सासू तासभर गाते. एका दमात."

शार्दूलचं हसू गेलं. त्याला परेशच्या लग्नातली ती म्हातारी आठवली असावी, किंवा मूळ आवाज मागायला आलेली सून. तो आत गेला आणि सर्वात खालच्या फळीवरून धूळ बसलेला एक जुना हँडीकॅम घेऊन आला. हातात धरायचा, पट्टीवाला, वीस वर्षांपूर्वी बारशाला लोक आणायचे तसल्या चेहऱ्याचा. "हा कार्ड भरेपर्यंत थांबत नाही. माइक लागतो, हेडफोन लागतो. पण घेऊ नका, काकू. मागचं काही धूसर होत नाही, सगळं सारखंच दिसतं. हा घेऊन लग्नात उभ्या राहिलात तर लोक हसतील."

"धूसर कशाला करायचं? मागं मानसंच तर असतात." दमयंतीनं तो हातात घेतला. पुढचा पाऊण तास तिनं दुकानात तो चालू ठेवला, बॅटरी तपासली, कार्ड तपासलं, शार्दूलला पुन्हा पंख्याखाली उभं केलं. चाळीसच्या निम्म्यात तो मिळाला. उरलेल्या पैशांत चांगला माइक, भक्कम तिपाई आणि कान झाकणारा मोठा हेडफोन आला. निघताना ती दारात थांबली. "डोला सगल्याच कॅमेऱ्यांना असतो रे. मना कानवाला पायजे होता. तुमाला कुनी कवा मागितलाच नाय."

घरी तो कॅमेरा बघून हरेशनं कपाळाला हात लावला. "हा? अगो, शार्दूलची पोरं ड्रोन उरवतील आनि नवरीची आय हा डबा घेऊन फिरेल? इज्जत घालवशील माजी."

रंजिताही म्हणाली, "मम्मी, प्लीज. माझ्या सासरचे येणार आहेत."

"तुमची इज्जत एवरी पातल हाय का, डब्यानं फाटेल अशी?" दमयंतीनं विचारलं, आणि कॅमेरा चार्जिंगला लावला.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात रंजिताला पाटावर बसवलं. बायका भोवती जमल्या. दमयंतीनं तिपाई उभी केली, माइक सासूच्या पदराच्या काठाला टाचला, हेडफोन चढवला, बटण दाबलं. चारदोन जणी तोंडाला पदर लावून हसल्या. गुणाबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज जुन्या दारासारखा अडकला, मग सुटला. धवला हळूहळू घरात शिरला. देव झाले, गाव झालं, घरतांचे आजे-पणजे झाले, आणि मग तो पाटापाशी आला:

पाटावं बसली गो, रंजिता बाय,
दारात उबी तिची दमयंती माय.

हेडफोनमध्ये, कानाच्या आत, आपलं नाव. पंचवीस वर्षांत या घरात तिचं नाव भांड्यांच्या आवाजावर ओरडूनच घेतलं गेलं होतं. दमयंतीला रडू आलं आणि ती आवाज न करता रडली, कारण माइक चालू होता. पाटावर रंजितानंही मान वर केली. आजीचा धवला तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिच्या पिढीच्या पोरी हळदीला येतात त्या संध्याकाळी, डीजे सुरू झाल्यावर.

पस्तीस मिनिटं झाली असतील. डीजेवाले आले होते. मांडवाच्या तोंडाशी ट्रक उभा राहिला, स्पीकरच्या भिंती चढल्या, आणि कुणालाही न विचारता त्यांनी टेस्टिंग सुरू केलं. धाड. धाड धाड. ताटातल्या सुपाऱ्या उड्या मारायला लागल्या. गुणाबाई थांबल्या नाहीत, थांबायचं नव्हतंच. त्यांनी आवाज चढवला. डीजेनं त्याच्यावर चढवला. दमयंतीच्या कानात आता सासू बुडत चालली होती, एखादाच शब्द वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा.

तिला ओरडायचं होतं. पण ओरडली असती तर तिचाच आवाज माइकमध्ये गेला असता. जागा सोडून जाता येईना, कारण गर्दीत तिपाईला धक्का लागला तर सगळं संपलं. ती दोन्ही हात वर करून हरेशला खुणा करत राहिली. हरेश ट्रकपाशी उभा होता. त्याला वाटलं बायको खूश आहे. त्यानं अंगठा दाखवला आणि डीजेवाल्याला अजून वाढव म्हणाला. मग मांडवात येऊन आईच्या कानाशी वाकला, "आये, आवर आता. लई झालं. पोरांना टेस्टिंग करायचंय." गुणाबाईंनी डोळे उघडले नाहीत. गात राहिल्या. त्यांचा घसा आता फाटत होता.

तेव्हा पाटावरून आवाज आला.

"पप्पा! बंद करा ते! नायतर मी उठतंय पाटावरून!"

हळद लागलेल्या नवरीनं विधी सुरू असताना पाटावरून उठणं म्हणजे काय, हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. रंजितानं खरंच एक पाय पाटाखाली टेकवायला उचलला होता. पनवेलच्या कॉलेजात शुद्ध बोलणारी, आईला प्लीज म्हणणारी पोरगी, आणि तोंडातून निघालं ते आजीचं आगरी. हरेश धावला. असा धावला की त्याची चप्पल मांडवात राहिली. ट्रकवर चढून त्यानं स्वतःच्या हातानं मेन वायर उपटली.

एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत गुणाबाईंचा आवाज होता, न तुटलेला. त्यांनी एक शब्दही सोडला नव्हता. रंजितानं पाय वर घेतला. ज्या बायका हसत होत्या त्यातल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून सूर धरला. एक तास दहा मिनिटं झाल्यावर धवला संपला. दमयंतीनं बटण दाबलं आणि मगच नाक पुसलं. डीजेची धडधड, हरेशचं आवर आवर, आणि रंजिताची ती आरोळी, सगळं त्यात आलंय. शार्दूल नंतर म्हणाला, तेवढं कापून देतो. दमयंतीनं त्याला कार्डाला हातसुद्धा लावू दिला नाही. कापायचं नाही ठरलं होतं.

संध्याकाळी डीजे लागला. लागणारच होता, त्याचे पैसे दिले होते. मांडवभर पोरं नाचत होती, जमीन हादरत होती, वर ड्रोन घोंगावत होता. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गुणाबाई बसल्या होत्या. डोक्यावरच्या पदरावर तो भलामोठा हेडफोन, मांडीवर कॅमेरा. "मना आयकव," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत स्वतःचा आवाज त्यांनी बाहेरून कधी ऐकला नव्हता. पहिली पाच मिनिटं कपाळाला आठ्या घालून, दुसऱ्याचं शिवण तपासावं तशा ऐकत होत्या. मग त्या आठ्या गेल्या. डोळे मिटले.

हरेश घामानं निथळत आला. दुपारची भरपाई म्हणून असेल, आईचा हात धरून ओढायला लागला. "चल आये, एक चक्कर नाच. सगली बोलवतान तुला."

गुणाबाईंनी हात सोडवून घेतला आणि तोच हात हेडफोनवर घट्ट दाबून धरला. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती. त्यांना धवले शिकवून जी पन्नास वर्षांपूर्वी गेली, जिचा फोटोसुद्धा कुणी काढला नव्हता, तिचाच आवाज होता हा, हुबेहूब.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "माजी आयस गाते."